अल्टोच्या रांगेतली सोप्रानो

यंदाच्या नाताळ अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा शीर्षकही त्यांनीच सुचवलं: ‘सोप्रानो घडवणारा कॉयरमास्टर’. फोनवर मी हो म्हणालो. वय झालं की माणूस फोनवर सगळ्यालाच हो म्हणतो. नंतर लिहायला बसलो आणि शीर्षकावरच अडलो, कारण ते खरं नाही. सेलिनाला मी घडवलं नाही. तिला घडायला उशीर झाला तो माझ्यामुळे. गावात याच्या नेमकी उलट गोष्ट सांगितली जाते आणि मी ती सत्काराची शाल पांघरून ऐकत आलो आहे. तेवढं या लेखात दुरुस्त करतो.

आधी आमचा धंदा काय असतो ते सांगायला हवं. शाळेत मी भूगोल आणि संगीत शिकवायचो. पगार भूगोलाचा, जीव संगीतात. रविवारी आणि सणासुदीला चर्चच्या माळ्यावर ऑर्गन वाजवायचा आणि कॉयर सांभाळायचा. कॉयर म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा. त्यात चार आवाज असतात. पुरुषांचे दोन, टेनर आणि बास. त्यांच्याबद्दल लिहीत नाही, कारण ते सरावाला येतच नाहीत. बायकांचे दोन, वरचा सोप्रानो आणि खालचा अल्टो.

स्तोत्राची जी चाल ऐकून तुम्ही घरी गुणगुणता, ती सोप्रानोची. अल्टोला चाल नसते. तिनं त्याच त्या दोन-तीन सुरांवर रेंगाळत वरच्यांना खालून आधार द्यायचा. मासे पकडायच्या जाळ्याला वर बुचं असतात आणि खाली शिशाच्या गोळ्या. बुचं सगळ्यांना दिसतात, पण गोळ्या काढल्या तर जाळं चटईसारखं पाण्यावर तरंगेल. अल्टो म्हणजे त्या गोळ्या. समोरच्या रांगेत पंधरा जणी चाल दणकावत असताना आपला कंटाळवाणा सूर सोडायचा नाही, याला कान लागतो. म्हणून कॉयरमास्टरांची एक रीत असते, ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. जिला कान आहे तिला अल्टोत बसवायचं, मग तिचा मूळ आवाज काहीही असो. जिला कान नाही तिला सोप्रानोत ढकलायचं. पंधरा जणींच्या मागोमाग ती मुक्कामाला पोचते.

ही रीत सोयीची आहे. मी ती आयुष्यभर पाळली आणि माझ्या अल्टोची कीर्ती आसपासच्या सगळ्या धर्मग्रामांत, म्हणजे प्रत्येक चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांत, होती. दुसरे कॉयरमास्टर येऊन विचारायचे, ‘मास्तर, तुमच्या खालच्या बायका हलत कशा नाहीत?’ मी नुसता हसायचो.

लग्नाची मिस्सा, म्हणजे चर्चमधला लग्नविधी, हे आमचं खरं रणांगण. एकदा जूचंद्रचे एक मामा भाचीच्या लग्नाआधी माळ्यावर चढून आले आणि म्हणाले, ‘नवरी आत येताना हेच गाणं वाजलं पाहिजे.’ गाणं सिनेमातलं, तेही नाचाचं. फादरांनी ते ऐकलं असतं तर मला ऑर्गनसकट खाली टाकलं असतं. मी मामांना म्हटलं, बघतो. आणि ते गाणं इतकं सावकाश, इतक्या गंभीर सुरात वाजवलं, की सगळं चर्च उभं राहून डोळे मिटून ऐकत राहिलं. ओळखलं फक्त मामांनी; ते ढसाढसा रडत होते. मिस्सा संपल्यावर फादर वर आले. म्हणाले, ‘मास्तर, प्रवेशाचं स्तोत्र फार भक्तिपूर्ण होतं. कुठलं?’

‘जुनं आहे, फादर.’

‘तरीच.’

अशी ती वर्षं. आता सेलिना.

ती होळी गावची. तिचे वडील दुमिंगदादा यांची तिथं भाजीची वाडी: पालक, मुळा, कडेनं तगर. अकरा वर्षांच्या सेलिनाला घेऊन ते माळ्यावर आले, तेव्हा त्यांच्या हातांना माती होती आणि ते दारातच थांबले. मी ऑर्गनवर दोन सूर एकदम दाबले आणि पोरीला म्हटलं, ‘यातला खालचा म्हण.’ ही माझी परीक्षा. बहुतेक मुलं वरचाच म्हणतात, कारण तोच आधी ऐकू येतो. सेलिनानं खालचा म्हटला, अगदी नेमका. मग, मी न सांगता, वरचाही म्हटला. मला जे हवं होतं ते पहिल्यातच मिळालं होतं. दुसऱ्याकडे मी लक्ष दिलं नाही. तिला अल्टोत बसवली, फिलूबायच्या शेजारी.

फिलूबाय पाचूबंदरच्या. बाजारात मासळी विकायच्या आणि सरावाला येताना अंघोळ करून, डोक्यात अबोलीची वेणी घालून यायच्या. आवाज होडीच्या इंजिनासारखा, एकदा सुरू झाला की बंद होत नसे. त्यांना कुठंही बसवा, त्या चालच म्हणायच्या. सेलिना शेजारी आली आणि महिन्याभरात फिलूबाय अल्टो गाऊ लागल्या. मी विचारलं, हे झालं कसं?

‘मी वर चालले की पोरगी कोपर मारते. मी खाली उतरते,’ फिलूबाय म्हणाल्या. ‘माझी बरगडी बघा एकदा, निळी झालीय.’

थोडक्यात, माझ्या प्रसिद्ध अल्टोचं रहस्य हे एका मुलीचं कोपर होतं.

सोळाव्या वर्षी सेलिनानं मला विचारलं. सराव संपला होता, बाकीच्या जिना उतरत होत्या. ‘मास्तर, मला एकदा वरचं म्हणू द्या ना.’

मी पुस्तकं आवरत होतो. मान वर न करता म्हटलं, ‘वरचं म्हणायला पंधरा जणी आहेत. खालचं म्हणायला कोण आहे?’

फिलूबाय जिन्यावर थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘जाऊ द्या की मास्तर पोरीला. पन मग मी कुनाच्या मागं जाऊ ते सांगा.’ सगळ्या हसल्या. सेलिनाही हसली आणि तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

इथवर मी फक्त बेफिकीर होतो असं म्हणता येईल. पुढचं तसं नाही. त्यानंतरच्या वर्षी इस्टरसाठी तगरीची फुलं सांगायला मी दुमिंगदादांच्या वाडीवर गेलो. पाण्याचा पंप चालू होता. दुमिंगदादा पार पलीकडच्या टोकाला वाफ्यात वाकलेले. सेलिनानं त्यांना हाक मारली. साधी, ‘बाबा’ अशी. पंपाच्या धडधडीवरून ती हाक अलगद गेली आणि टोकाला दुमिंगदादांनी लगेच मान वर केली. ती ओरडली नव्हती, तिचा गळा ताणला नव्हता. मला सुरांची सवय. तो सूर कुठला हे मला तिथल्या तिथं कळलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या पंधरा जणींपैकी एकीलाही तो गाता आला नसता, हेही कळलं. ही मुलगी सोप्रानो होती, आणि साधीसुधी नव्हती.

मी फुलं सांगितली, चहा घेतला आणि परत आलो. बोललो काहीच नाही.

का नाही बोललो, ते सांगणं सोपं आहे. इस्टर तोंडावर होता. इस्टरनंतर आमच्या चर्चचा सण होता, मग पावसाळ्याआधीच्या लग्नांची घाई, मग नाताळ. कॉयरमास्टरचं वर्ष सणांवर चालतं आणि कुठल्याही सणाआधी अल्टो मोडायची नसते. मी मनाशी म्हणायचो, या नाताळनंतर बघू. असे पाच नाताळ गेले. उलट मी तिला आणखी आवरायला शिकवलं. गाताना तिचा आवाज कधी वर उघडायला लागला की मी उजव्या हातानं वाजवत राहायचो आणि डावा तळवा खाली दाबायचो. ही आमची खूण: दबून गा, शेजारणीत मिसळ. ती लगेच हनुवटी आत घ्यायची, अर्धं पाऊल मागं सरकायची आणि मिसळायची. फार गुणी मुलगी.

बाविसाव्या वर्षी तिला मुंबईत नोकरी लागली. ती तिथं एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे गाणं शिकायला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, ‘तुला अल्टोत कोणी बसवलं? त्याला ऐकू येत नव्हतं का?’ हे सेलिनानं मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो. ऐकू येत होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शिष्यवृत्ती, जर्मनी, ऑपेरा. ज्यांनी ऑपेरा पाहिला नाही त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की ते गाण्यातलं नाटक असतं आणि त्यात माइक नसतो. खाली पन्नास-साठ वाद्यं वाजत असतात आणि त्यांच्यावरून माणसाचा उघडा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जावा लागतो. असा आवाज विशीच्या आत हाताला लागला तर तिशीत मोठ्या भूमिका मिळतात. सेलिनाला तिशीत दासींच्या भूमिका मिळाल्या. दार उघडायचं, चार ओळी गायच्या, तबक ठेवून जायचं. एकदा ती सुट्टीवर आली, तेव्हा धर्मग्रामानं तिचा सत्कार केला. तिथं ती म्हणाली, ‘माझे पहिले गुरू इथं बसलेत.’ मला व्यासपीठावर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं. मी घेतलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी दुमिंगदादांचं ऑपरेशन झालं म्हणून ती होळीच्या घरी येऊन राहिली. वसंतात तिला परदेशात पहिली मोठी भूमिका करायची होती. ऑपेराचं आणि त्या शहराचं नाव देत नाही. आमच्या भानगडीत त्या लोकांना कशाला ओढा. भूमिका एका राजाच्या मुलीची. ती अवघड का, ते सेलिनानंच मला समजावलं. पहिल्या अंकात राजकन्येचं लग्न ठरतं, तेव्हा सगळे सूर मोत्यांची माळ तुटल्यासारखे भराभर आणि शेवटी एक फार उंच सूर, तो धरून ठेवायचा. दुसऱ्या अंकात बापाशी भांडण, तिथं जाड आवाज हवा. तिसऱ्या अंकात ती मरायला टेकलेली. सगळा दरबार वर चाल गातो आणि ती खाली पडल्या पडल्या हळू आवाजात वेगळंच गाते. ‘एका बाईच्या गळ्यात तीन बायका पाहिजेत मास्तर,’ ती म्हणाली, ‘आणि तिघींनी भांडता कामा नये.’

सरावासाठी सगळ्या वाद्यांचा भाग पियानोवर वाजवणारा माणूस लागतो. परदेशी थिएटरात त्यासाठी खास माणसं नोकरीला असतात. इथं मी होतो. जन्मभर स्तोत्रं वाजवलेली माझी बोटं त्या पानांवर चिखलातल्या बैलासारखी अडायची. पण चर्चमागच्या हॉलमध्ये रोज सकाळी आम्ही बसलो आणि सांगायला हरकत नाही, मी इतका सुखी फार वर्षांत नव्हतो. हॉलच्या समोर आता मोठी बिल्डिंग आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुडाळच्या काकू एकदा फाटकापाशी आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, ‘काका, त्या ताई रोज का रडतात? घरी काही आहे का?’

‘राजकन्या आहे. बाप ऐकत नाही.’

‘असं होय,’ काकू म्हणाल्या. ‘मग रडू देत.’

सगळं बसत होतं, तो पहिल्या अंकातला उंच सूर सोडून. सेलिना तिथवर मोकळी जायची आणि ऐन वेळी तो सूर कोमेजायचा. चुकायचा नाही, पण आत गेल्यासारखा लागायचा. माइक नसलेल्या थिएटरात तो दहाव्या रांगेपलीकडे गेला नसता. परदेशातली तिची शिक्षिका म्हणायची, श्वास कमी पडतो. दुसरी एक म्हणायची, भीती. थिएटरनं स्पष्ट कळवलं होतं, की तालमी सुरू होतील तेव्हा हा सूर पक्का नसेल तर भूमिका दुसरीकडे जाईल. चाळिशीला टेकलेल्या बाईला अशी भूमिका पुन्हा कोणी देत नाही.

‘तिथं कुणीतरी दार लावून घेतं,’ ती वैतागून म्हणाली. ‘कोण लावतं तेच कळत नाही.’

‘पुन्हा घेऊ,’ मी म्हटलं.

पुन्हा घेतलं. या वेळी मी पानाकडे न बघता तिच्याकडे बघत होतो. सूर जवळ आला तशी तिनं हनुवटी आत घेतली आणि अर्धं पाऊल मागं सरकली. मी खाली पाहिलं. माझा डावा हात पियानोवर नव्हता. तो हवेत होता आणि तळवा खाली दाबत होता.

मी वाजवायचं थांबलो. मग तिला सगळं सांगितलं: वाडीतली हाक, पंप, फुलं, पाच नाताळ आणि हा तळवा. सांगताना मला वाटत होतं, ती म्हणेल, जाऊ द्या मास्तर, जुनी गोष्ट. म्हाताऱ्या माणसाला सगळे असंच म्हणतात.

ती म्हणाली, ‘पाच वर्षं?’

‘पाच.’

‘मी घरी एकटी असताना वर गायचे. मला ते फार छान लागायचं. आणि तुम्ही म्हणायचात, तू अल्टो. मला वाटायचं, म्हणजे मला छान ऐकू येतं तेच खोटं. मास्तर, मी सूर सोडले त्याचं काही नाही. मी माझ्या कानांवरचा विश्वास सोडला. स्टेजवर अजूनही मला दुसऱ्याला विचारावं लागतं, बरं झालं का म्हणून. आणि तुम्हाला माहीत होतं!’

तिनं पाण्याची बाटली उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी हॉल उघडून एकटाच बसलो होतो, तर दारात फिलूबाय. आता त्या काठी घेऊन चालतात.

‘पोरगी वाडीत पालकाच्या जुड्या बांधत बसलीय. कुनाशी बोलत नाय. काय केलंत मास्तर?’

मी त्यांनाही सांगितलं. फिलूबाय आत येऊन बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, ‘मला पन ठाऊक होतं. शेजारी बसायचे मी, मला ऐकू नाय येनार? पन पोरगी वर गेली असती तर मला कॉयर सोडावा लागला असता. मी पन गप राहिले.’ त्यांनी काठी टेकली आणि उठल्या. ‘तुम्ही एकटेच पापी असल्यासारखं तोंड नका करू. चला, खिडक्या उघडा, कोंदट झालंय.’

चौथ्या दिवशी सकाळी सेलिना आली. नमस्कार नाही, काही नाही. पानं लावली, उभी राहिली आणि म्हणाली, ‘वाजवा. आणि दोन्ही हात पियानोवर ठेवा.’

मी ठेवले. त्या दिवशी सूर लागला नाही. उलट बिघडला, फाटला. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा फाटला. ‘फाटू दे,’ तिनं स्वतःलाच सांगितलं, ‘कोमेजण्यापेक्षा बरं.’ ती मला काही विचारत नव्हती. आधी प्रत्येक वेळी विचारायची, ‘बरं झालं का?’ ते बंद झालं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर हात वर करून थांबवायची, स्वतः ऐकायची आणि स्वतःच ठरवायची. माझं काम फक्त वाजवायचं.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तो सूर आला तेव्हा ती मागं गेली नाही. एक पाऊल पुढं आली, पियानोच्या अगदी कडेला, आणि सूर उघडला. तो मोठा नव्हता, मोकळा होता. हॉलच्या काचा बारीक थरथरल्या. माझी बोटं थांबली होती आणि मला ते कळलंच नाही.

‘वाजवा ना,’ ती म्हणाली. ‘पुढं अजून दोन अंक आहेत.’

बाहेर पडलो तर काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. वरूनच म्हणाल्या, ‘काका, आज नाही हो रडल्या. बापानं ऐकलं वाटतं.’

ती भूमिका सेलिनानंच केली. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मी पहिल्यांदा विचारलं ते त्या सुराबद्दल. ‘गेला,’ ती म्हणाली, ‘पार शेवटच्या रांगेपर्यंत.’ मग तिसऱ्या अंकाचं सांगू लागली. दरबार वर चाल गात होता, ती खाली पडून आपलं गात होती आणि एकदाही हलली नाही. दिग्दर्शकानं विचारलं, हे असं खाली टिकून राहायला कुठं शिकलीस? ‘मी म्हटलं, एका मासळीवालीच्या बरगडीशेजारी. त्यांना काही कळलं नाही. फिलूबायला सांगा.’

मी सांगितलं. फिलूबायनं पदर सावरला आणि त्या दिवसापासून पाचूबंदरला तिसरा अंक त्यांच्या नावावर आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी सेलिनाला फोन केला. म्हटलं, संपादकांना खरं काय ते लिहून देणार आहे, तुझी हरकत आहे का?

ती म्हणाली, ‘लिहा. लिहायलाच पाहिजे. माळ्यावर आता दुसरं कुणी बसतं, त्यांना पण वाचू दे. पण एक ऐका मास्तर. मी तुम्हाला माफ केलं असं लिहू नका.’

‘नाही लिहीत.’

‘कारण ते अजून झालेलं नाही. कधी कधी होतं, कधी परत जातं. उगाच छापून ठेवलं तर मला तसं वागावं लागेल.’

‘बरं.’

‘तुम्ही पियानो चांगला वाजवता, एवढं लिहा. ते खरं आहे.’ मग म्हणाली, ‘जानेवारीत येतेय. नवी भूमिका आहे, आधीच्यापेक्षा वाईट अवघड. तुमचा भाग तर फारच वाईट. बोटं तयार ठेवा.’

तिनं पानं पाठवली आहेत. खरंच वाईट आहेत. दुसऱ्या पानावरचा डाव्या हाताचा भाग अजून जमत नाही.